मेघपाटणची नदी आणि मामाजी

नितीनचा फोन आला तेव्हा मी नालवाडीला आईकडे होते. "रेवती, बाबा गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?"

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझा तो प्रश्न आठवला की अजून लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर हसूही येतं. पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. गेलं वर्षभर आमच्या घरात "बाबा गेले" याचा एकच अर्थ होता. कुठल्या तरी नाल्यावर गेले, बंधाऱ्यावर गेले, नाहीतर पूल बघायला गेले. डोक्याला रुमाल बांधायचा, पायांत चपला सरकवायच्या आणि सांगून न सांगून निघायचं, असं चाललं होतं. नितीन म्हणाला, "चहा घेतला, पेपर उघडला... आणि तसेच बसून राहिले." तेव्हा कुठे मला कळलं.

ते माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, तशी मीही म्हणायचे. आमचं घर पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात, तिथे मात्र सगळ्यांचे ते सर होते. जन्मभर पुलगावच्या शाळेत त्यांनी हिंदी शिकवली. नितीनची बदली पुलगावला झाली आणि आम्ही नागपूरहून त्यांच्याजवळ राहायला आलो तेव्हा सासूबाईंना जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात टीव्ही चालू असायचा, पण आवाज बंद. मामाजी त्याच्यासमोर बसलेले असायचे, पण बघत नसायचे. जेवायला वाढलं की जेवायचे. काही विचारलं तर "हो" किंवा "नाई". ज्या माणसाच्या आवाजाने म्हणे मागच्या बाकावरची पोरं दचकून जागी व्हायची, तो माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलत नव्हता. नितीन काळजीत होता. मी नवीनच त्या घरात राहायला आलेली, मला तर त्यांच्याशी काय बोलावं हेच समजत नव्हतं.

माझं काम समजावून सांगायला तसं अवघड आहे. गोष्टींच्या पुस्तकांसाठी आणि पटावरच्या खेळांसाठी मी नसलेल्या गावांचे नकाशे काढते, तेही कागदावर नाही, संगणकाच्या पाटीवर, त्या पाटीच्याच पेनाने. एके दुपारी मामाजी चष्मा शोधत माझ्या टेबलापाशी आले आणि पाठीमागे उभे राहिले. मला वाटलं, जातील. पण ते गेले नाहीत.

"हे कोणतं गाव हाये?"

"मेघपाटण."

"तालुका?"

"तालुका नाही, मामाजी. हे गावच नाहीये."

त्यांनी थोडा विचार केला. "गाव नाई, तं काढून काऊन राह्यली?"

मग मी त्यांना सांगितलं. पुण्यातली सायली म्हणून एक मुलगी आणि तिचे मित्र मिळून एक खेळ तयार करत होते. पाच-सहा जण नकाशाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि त्या गावात गोष्ट घडवत जायची. मेघपाटण डोंगराच्या पायथ्याशी. तिथले लोक ढग पाळतात, दावणीला गुरं बांधावी तसे छपराला बांधून ठेवतात आणि सकाळी त्यांचं पाणी काढतात. मामाजींनी हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. "शेण काढा लागत नाई," ते म्हणाले, "म्हणजे जनावर चांगलं हाये." आणि चष्मा न घेताच परत गेले. ते त्यांचं मी ऐकलेलं पहिलं लांबलचक बोलणं.

ते माझं पहिलंच मोठं काम होतं. मी महिनाभर जीव ओतून नकाशा केला आणि पाठवला. सायलीचं उत्तर आलं, ते मला अजून पाठ आहे. नकाशा सुंदर आहे, घरं सुंदर आहेत, ढग तर फारच सुंदर आहेत. पण नद्या आणि पूल पटत नाहीत. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की या पुलावरून खरंच कोणी तरी रोज जातं... मी चित्रकला शिकलेली. डोंगर, झाडं, माणसं, सगळ्यांकडे बघायला मला शिकवलं होतं. नदीकडे मात्र मी निळी रेघ म्हणूनच बघत आले होते. माझ्या मेघपाटणची नदी डोंगरातून निघून समुद्रापर्यंत एकाच रुंदीची होती, जशी निळी दोरी टाकली असावी. अर्ध्या वाटेत तिला उगाच दोन फाटे फुटले होते, कारण तिथे नकाशा रिकामा दिसत होता. आणि पूल? एक पूल काढून तोच उचलून जिथे तिथे चिकटवला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळत होतं की काहीतरी खोटं आहे आणि ते काय ते आपल्याला दिसत नाही. हे काम जमणार नाही असं कळवून टाकावं, असं मी ठरवत आणलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाक करताना माझं तोंड बघून मामाजींनी विचारलं. मी नकाशा दाखवला. ते वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मी वाट पाहत होते की आता वडीलधारं माणूस काहीतरी शहाणपणाचं सांगेल. ते म्हणाले, "मले नाई समजत वो. म्या जनमभर कवितेतल्या नद्या शिकवल्या. त्यात पाणी कमी अन् आसवंच जास्त." मग सरळ होत म्हणाले, "पण आपली नदी तं इथीच हाये ना. पाहून येऊ उद्या."

कित्येक महिने अंगणाच्या फाटकाबाहेर न पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तयार होऊन स्कूटीजवळ उभा होता.

पुलगावला वर्धा नदीवर आम्ही शंभरदा गेलो असू, पण पुलावरून. त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरलो, आणि काठाकाठाने चालत नदी जिथे वळण घेते तिथपर्यंत गेलो. हिवाळ्याचे दिवस होते, पाणी निवळ होतं. मामाजींच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या. ते एकेक फोडत, खात, टरफलं पाण्यात टाकत होते, आणि मी वहीत काठ काढायचा प्रयत्न करत होते. एकदम त्यांनी माझा दंड धरला. "पाह्य, पाह्य... टरफलं कुठून पळून राह्यले ते पाह्य."

आम्ही टाकलेली टरफलं वळणावर आली की आतल्या बाजूला येत नव्हती. सगळी पलीकडच्या, बाहेरच्या काठाला जाऊन तिथून सुसाट निघत होती. आणि तो बाहेरचा काठ बघा तर उभा, कापलेला, झाडांची मुळं उघडी पडलेली. आमच्या पायांखालचा आतला काठ मात्र सपाट, वाळूचा. मी वहीकडे बघितलं. वळणाचे दोन्ही काठ मी सारखे काढले होते. जन्मात पहिल्यांदा मला नदी हलताना दिसली... म्हणजे पाणी नाही, अख्खी नदी. ती तिकडचा काठ खात होती आणि इकडे वाळू ठेवत होती. मामाजींनी उरलेल्या सगळ्या शेंगा सोलल्या, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि टरफलं एकदम पाण्यात सोडली. एक सत्तरीचे हिंदीचे सर आणि त्यांची सून, आम्ही दोघं टरफलांच्या मागे काठाने पळत होतो. काठावर कपडे धूत असलेल्या बायांनी हात थांबवून आमच्याकडे बघितलं.

त्या रात्री जेवताना टीव्ही बंद होता. मामाजी नितीनला वळण समजावून सांगत होते, ताटातल्या वरणात बोट फिरवून.

त्यानंतर आम्हाला थांबवणं कठीण झालं. सायलीकडून मी थोडी मुदत मागून घेतली होती. रोहण्याच्या रस्त्याला, आर्वीकडे जाणाऱ्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीचा बंद पडलेला मार्ग आहे, त्यावर नाल्यांचे लहानसे पूल आहेत. एकदा त्यांच्यासाठी गेलो. मामाजींनी काठी आडवी धरून मला दाखवलं, नाला कसाही तिरपा वाहत असला तरी पूल त्याला शक्य तितका सरळ, आडवा पार करतो. का, तर तेवढंच कमी बांधावं लागतं. आणि मग दोन्ही बाजूंच्या वाटा वळसा घेऊन त्या पुलाला येऊन मिळतात. मी मेघपाटणात आधी रस्ते काढले होते आणि रस्ता नदीला लागेल तिथे पूल टाकला होता. हे सगळं उलट होतं. आधी नदी, मग तिची अरुंद, पक्क्या काठाची जागा, मग पूल, मग रस्ते, आणि रस्ते जिथे गोळा होतात तिथे बाजार. आम्ही घरी आलो आणि चहासुद्धा न घेता मी सगळे रस्ते पुसले. पुसण्याचं, मागे नेण्याचं ते बटण मामाजींना फार आवडायचं. "अख्खा रस्ता गेला अन् कोणाची तक्रार नाई," ते म्हणायचे. "परत आण... पुन्हा घालव." मी त्यांना खेळू द्यायचे.

पण फाट्यांचा प्रश्न राहिलाच होता. नदीला फाटे फुटतात की नाही? आम्ही जिथे बघितलं तिथे ओढे नदीला येऊन मिळत होते, नदी कुठेच फुटत नव्हती. शेजारच्या घराचं बांधकाम चालू होतं, फाटकाशी रेतीचा मोठा ढीग होता. मामाजींनी तांब्या घेतला. मी बादली आणली. ढिगाच्या टोकावर ते हळूहळू पाणी सोडत आणि मी खाली उकिडवी बसून बघत असे. बारीक बारीक ओहोळ निघायचे, उतारावर एकमेकांना शोधत यायचे आणि मिळायचे. मिळाले की रुंद व्हायचे. मिळताना त्यांचं टोक नेहमी उताराकडे असायचं. माझ्या नकाशात उपनद्या काटकोनात येऊन आदळत होत्या, एक तर चक्क उलटी चढत होती. शेजारच्या निर्मलाकाकू बाहेर आल्या. "काय करून राह्यले वो सर? रेती वाहून चालली ना माही."

"नदी करून राह्यलो," मामाजी म्हणाले. "येजो इकडे. तू पण पाह्य."

काकू आल्या, आणि थोड्या वेळाने तांब्या त्यांच्याच हातात होता. त्यांनी जरा जास्तच पाणी ओतलं. ते खाली सपाट जमिनीवर पोचलं, रेती तिथे पसरली आणि त्या पसरलेल्या रेतीतून पाणी पंख्यासारखं फुटलं. एक, दोन, कितीतरी फाटे... मामाजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. वर्गातल्या ढ म्हटल्या गेलेल्या पोराचं उत्तर अचानक बरोबर निघावं, तेव्हा चांगल्या मास्तराला होत असेल तसा आनंद त्या चेहऱ्यावर होता.

"तुहा फाटा बरोबर होता वो रेवती. फक्त जागा चुकली होती."

मी तिथेच, ओल्या रेतीत बसून हसायला लागले. माझा फाटा मी अर्ध्या वाटेतून उचलला आणि समुद्राच्या तोंडाशी नेला. सपाट, चिखलाची जमीन, तिथे नदी पाच मुखांनी फुटली, मधे बेटं झाली, बेटांवर कोळ्यांच्या झोपड्या आल्या. त्या एका संध्याकाळी मेघपाटण जिवंत झालं. ते होताना आम्ही दोघांनी पाहिलं.

मग दोनच दिवसांनी त्यांच्या छातीत दुखलं. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलं, पण आता जपायला हवं. मी सायलीला काम सोडते म्हणून कळवायला निघाले होते. मामाजींना ते नितीनकडून कळलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि नळ्या लावलेल्या हाताने फटकारल्यासारखं केलं. "लोकायले पलीकडे जाचं हाये अन् तू पूल अर्धे सोडतं? ते पाटी आण इथी."

मी पाटी नेली. सगळा वॉर्ड त्या मेघपाटणात कसा शिरला ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या खाटेवरचे पायाला प्लास्टर घातलेले गृहस्थ उठून बसायचे आणि देऊळ कुठे ते विचारायचे. गोळ्या द्यायला येणारी सिस्टर पाठीमागून वाकून बघायची. एकदा तिने विचारलं, "या गावात दवाखाना कुठे आहे?" दवाखाना नव्हताच. आम्ही ढगवैद्याचा एक दवाखाना काढला. "आणि पूल?" ती म्हणाली. "बाजाराच्या पुलावरून पेशंट आणायचा तर गर्दीतच अडकेल ना." मामाजी मान डोलावत होते. दवाखान्याजवळ, नदी अरुंद होते तिथे, एक लहानसा लाकडी पूल झाला, फक्त डोलीपुरता. सिस्टरने तो बघून घेतला आणि मगच पुढच्या खाटेकडे गेली.

फक्त एका जागी मामाजींनी मला पूल काढू दिला नाही. खालच्या अंगाला, नदी रुंद होते तिथे. मी म्हटलं, सायलीला इथे पूल हवा आहे. त्यांनी पडल्या पडल्याच माझं पेन बाजूला सारलं. "सगळीकडे पूल केले तं नाववाल्यानं काय कराव? एक जागा ठेव ना बिनपुलाची. लोकायनं कुठी तरी थांबलं पाह्यजे... एकमेकाची वाट पाह्यली पाह्यजे." मी तिथे एक नाव काढली आणि काठावर एक माणूस. डोक्याला रुमाल बांधलेला.

नकाशा गेला. या वेळी उत्तर आलं नाही, थेट फोन आला. सायली एका दमात बोलत होती. म्हणाली, आम्ही काल रात्रीपासून बोटाने या गावात फिरतोय. कोणत्या गल्लीतून गेलं तरी नदीवर पोचतोच. तो नाववाला कोणाला सुचला? मी फोन मामाजींच्या हातात दिला. ते घरी आले होते, आरामखुर्चीत बसले होते. आधी कडक आवाजात "बोला" म्हणाले, आणि मग फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकू लागले.

खेळ छापून झाला तेव्हा त्या मुलांनी व्हिडिओवर पहिला डाव मांडला आणि आम्हालाही बोलावलं. मी नको म्हणत होते, मामाजी काय खेळणार म्हणून. पण ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या आधी पडद्यासमोर बसले होते. ते अर्थातच नावाडी झाले. पुण्याकडची ती चार-पाच मुलं, कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, सगळ्यांना घाईने पलीकडे जायचं होतं, कारण मागून राक्षस येत होता आणि त्याने बाजारचा पूल जाळला होता. ती उतारावर, म्हणजे नावेत बसायच्या त्या बिनपुलाच्या जागी आली. मामाजी म्हणाले, "बसा. पण माह्या नावेत एक नियम हाये. मले सांगा, गाव कोणतं तुमचं? खरं गाव. अन् नदी कोणती?"

तलवारवाला गडबडला. मग म्हणाला, त्याच्या आईचं गाव कृष्णेकाठी आहे. मामाजींनी विचारलं, काठ कसा आहे, उभा की वाळूचा? त्याला माहीत नव्हतं. जादूगार मुलगी म्हणाली, तिच्या घरामागे नाला होता, आता त्यावर सिमेंट घातलं आहे. राक्षस काठावर ताटकळत उभा राहिला आणि ती मुलं एकामागून एक आपापल्या नद्या सांगत राहिली. खेळात ती एक नाव पार व्हायला अख्खी दुपार लागली. पलीकडे उतरताना तलवारवाला म्हणाला, "सर, मी या दिवाळीत जाऊन काठ बघून येतो." मामाजी म्हणाले, "येजो मंग सांगाले."

तो मुलगा खरंच गेला होता. त्याने पाठवलेला फोटो मामाजींनी आल्यागेल्याला दाखवला. पुढच्या आवृत्तीत त्या जागेचं नाव "सरांचा उतार" असं छापून आलं. तेव्हापासून त्यांचं ते फिरणं सुरू झालं, कधी मला घेऊन, कधी निर्मलाकाकूंच्या मुलाच्या रिक्षाने. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, ते त्यांच्या पद्धतीने जपत होते. चढ आला की थांबायचे आणि तिथूनच खालचं पाणी बघत बसायचे. त्यांचं ते शेवटचं वर्ष मला आमच्या घरातलं सगळ्यात गजबजलेलं वर्ष म्हणून आठवतं.

दिवसकार्य आटोपल्यावर नितीननेच माझं टेबल त्यांच्या खोलीत हलवलं. तिथे उजेड चांगला येतो. सध्या माझ्याकडे एका डोंगरी गावाचं काम आहे. दोन कडे आणि मधून खोल दरीत वाहणारी नदी. परवा सकाळी मी तिथे अडले होते. पूल कुठे घ्यावा ते ठरत नव्हतं, आणि खोली फार शांत वाटत होती. नितीनला या सगळ्यात कधीच रस नव्हता. बाबांनी वरणात नदी काढली तेव्हाही तो मुकाट्याने जेवत होता. तो ऑफिसला निघाला होता, डबा हातात होता. दारात थांबला, आत आला आणि माझ्या पाठीमागे उभा राहिला. मला वाटलं, जाईल. पण तो गेला नाही.

"इकडचे लोक तिकडे कसे जातात?" त्याने विचारलं.

"तेच समजत नाहीये," मी म्हटलं.

त्याने डबा खाली ठेवला. खाटेच्या कडेला बसला, त्याचे बाबा बसायचे तिथेच, आणि बोट पडद्यावर टेकवून म्हणाला, "पाणी आधी दाखव. वरून येतं कुठून?"